जुन्या एमएल ३२० चा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: तेल, फिल्टर आणि शेवटी कंडक्टर प्लेट

गाडी: मर्सिडीज-बेंझ एमएल ३२०, डब्ल्यू१६३ पिढी, २००१ चं मॉडेल, व्ही-६ पेट्रोल. गिअरबॉक्स ७२२.६, पुढचे पाच गिअर. मीटर १,८४,००० किमी. गिअरबॉक्सचं तेल पूर्वी कधी बदललं असल्याची नोंद कागदपत्रांत नाही.

४ जानेवारी

तक्रारी तीन. गाडी चांगली गरम झाली की थांबताना, दुसऱ्यातून पहिल्यात उतरताना, मागून धक्का दिल्यासारखा झटका बसतो. साठ-सत्तरच्या वेगात हलक्या पायानं चालवताना गाडी मध्येच थरथरते आणि पाय जरा दाबला की थरथर जाते. तिसरी तक्रार अधूनमधून येणारी: गिअरबॉक्स लिम्प मोडमध्ये (बिघाड जाणवला की स्वतःला वाचवायची अवस्था) जाऊन दुसऱ्या गिअरला अडकून बसतो. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की काही घडलंच नाही असा वागतो.

स्कॅनरमध्ये एकच कोड साठवलेला: एन३ स्पीड सेन्सरचा सिग्नल विसंगत. (गिअरबॉक्सच्या आत फिरत्या भागांचा वेग मोजणारे दोन सेन्सर आहेत, एन२ आणि एन३.) बाजारात मिळणारे साधे ओबीडी स्कॅनर इथे कामाचे नाहीत, ते इंजिनपलीकडे जात नाहीत. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटशी बोलणारा, तेलाचं तापमान आणि एन२-एन३ चे आकडे चालत्या गाडीत दाखवणारा स्कॅनर हवाच. तो नसेल तर हे काम सुरूच करू नये. का, ते १२ तारखेच्या नोंदीत येईल.

थरथरीचं कारण बहुधा तेलच. या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, नुसता 'लागला' किंवा 'सुटला' असा चालत नाही. बराच वेळ तो मुद्दाम थोडासा घसरता ठेवलेला असतो. ही घसरण गुळगुळीत राहते ती तेलातल्या घर्षण सांभाळणाऱ्या रसायनांमुळे. ती संपली की क्लच पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो, आणि सीटखाली थरथर जाणवते.

पण हेच लक्षण दुसऱ्या, फार महागड्या कारणानंही येतं: रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून कूलंट तेलात मिसळणं. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या कागदी अस्तरात शिरतं आणि ते सोलवटून टाकतं. थोडं ग्लायकॉल असेल तर तेल दुधाळ दिसतही नाही, म्हणून नुसत्या रंगावर विसंबायचं नाही. रेडिएटरच्या टाकीत तेलाचा तवंग नाही, कूलंटची पातळी उतरलेली नाही. काढलेल्या तेलाचा नमुना ग्लायकॉल-किटवर तपासायचा, असं यादीत लिहून ठेवलं.

५ जानेवारी

काही उघडण्याआधी पाच मिनिटांची तपासणी. बॅटरीचा निगेटिव्ह काढला, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा कनेक्टर उपसला. आत लालसर, ओलसर तेल. म्हणजे तेल खालून वर चढलंय.

हे कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला तेरा पिनांचा कनेक्टर आहे. त्याच्या मागे कवचातून आरपार जाणारा एक प्लास्टिकचा ॲडाप्टर आहे आणि त्यावर दोन ओ-रिंगा (गोल रबरी सील) आहेत. रिंगा वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होतात, तेल पिनांपर्यंत येतं आणि तिथून तारेच्या आत शिरतं. तांब्याचे बारीक पदर आणि वरचं आवरण यांच्यामधल्या फटीतून ते दिव्यातल्या वातीत चढावं तसं वर चढत राहतं, थेट कंट्रोल युनिटपर्यंत. बाहेरून गळती दिसतेच असं नाही. एका छोट्या भागाची ही ढिलाई, आणि तिच्यापायी लोक गिअरबॉक्स उतरवून बसतात.

दोन्ही बाजूंचे पिन कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतले, खाली कापड धरून निथळू दिले. तारांमध्ये उरलेलं तेल आणखी काही आठवडे पाझरत राहणार, हे गृहीत धरायचं. महिन्याभरानं कनेक्टर पुन्हा उघडून बघायचा.

मागवलेलं सामान:

- फिल्टर, ए १४० २७७ ०० ९५
- पॅनचं गॅस्केट, ए १४० २७१ ०० ८०
- कनेक्टरचा ॲडाप्टर, ओ-रिंगांसह, ए २०३ ५४० ०२ ५३
- डिपस्टिक नळीच्या झाकणाची लाल खुंटी, ए १४० ९९१ ०० ५५
- ड्रेन प्लगचे वॉशर: पॅनचा एक, कन्व्हर्टरचा एक
- तेल, मर्सिडीजच्या २३६.१४ मान्यतेचं, ९ लिटर
- ७२२.६ साठीची लांब, लवचीक डिपस्टिक. गाडीत डिपस्टिक नसतेच. फक्त नळी असते, तीही झाकण लावून बंद केलेली.

तेलाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. मूळ तेल २३६.१० मान्यतेचं होतं. पुढे २३६.१२ आणि २३६.१४ आली आणि ही या गिअरबॉक्सला चालतात. २३६.१५ हे पातळ, निळं तेल नंतरच्या सात गिअरच्या पेटीसाठी आहे, ते इथे घालायचं नाही. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं डब्यावर छापलेलं तेलही नको, कारण वर सांगितलेला घसरता क्लच नेमक्या घर्षणावर बेतलेला आहे.

११ जानेवारी

गाडी वीस मिनिटं चालवून आणली. तेल कोमट हवं, उकळतं नको. कोमट तेलात गाळ तरंगत राहतो आणि तेलाबरोबर बाहेर येतो. फार गरम असेल तर हात भाजतो आणि घाईत ड्रेन प्लग तेलाच्या डबक्यात पडतो.

सपाट जमिनीवर चार स्टँड, चेसिसच्या दांड्याखाली. दोन टनांपेक्षा जड गाडी आहे, नुसत्या जॅकवर तिच्याखाली जायचं नाही. चारही कोपरे सारख्या उंचीवर हवेत. पुढून उचलली आणि मागून तशीच ठेवली तर पॅनच्या एका कोपऱ्यात अर्धा लिटर सहज राहतं. या गाडीला चारही चाकांना कायम ताकद जाते, त्यामुळे एक बाजू स्टँडवर आणि दुसरी जमिनीवर असताना गिअर टाकला तर गाडी स्टँडवरून खाली येईल. गिअर टाकायचे ते चारही चाकं जमिनीवर आल्यावरच. बाकी तेल भरायची नळी बॉनेटखाली आहे, भरताना गाडी वर लागतही नाही.

आधी इंजिन बेमध्ये नळीचं झाकण उघडलं. लाल खुंटी तोडल्याशिवाय ते उघडत नाही, तशीच योजना आहे. ड्रेन करण्याआधी भरायची वाट मोकळी आहे याची खात्री करणं, हा कुठल्याही गिअरबॉक्सचा पहिला नियम. झाकणाभोवतीची धूळ आधी ब्रशनं आणि हवेनं साफ केली. नळीत पडलेली मातीची कणी सरळ पॅनमध्ये जाते.

खालची प्लास्टिकची ढाल काढली. पॅनचा ड्रेन प्लग ५ मिमी ॲलनचा. खाचेतली माती सुईनं उकरून काढून मगच पाना लावला, नाहीतर ॲलन अर्धवट बसते आणि खाच गोल होते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आहे. ती वेगळी पेटी, वेगळं तेल, वेगळा प्लग. घाईत तिचाच प्लग उघडण्याची चूक अशक्य नाही.

तेल काळपट तपकिरी. जळका वास नाही, दुधाळपणा नाही. शंभर मिलीचा नमुना बाटलीत बाजूला.

मग पॅन. सहा टॉर्क्स बोल्ट, टी-३०. पाच काढून सहावा चार फेरे सैल ठेवला, पॅन हळूच एका बाजूला झुकवला. तरीही पॅनमध्ये कपभर तेल असतंच. फिल्टर कुठल्याही बोल्टवर नाही, मानेवर नुसता दाबून बसवलेला आहे, सरळ खाली ओढला की येतो. त्याच्यातही तेल असतं आणि ते नेमकं बाहीत जातं.

पॅनमधला चुंबक: करड्या रंगाचा, लोण्यासारखा मऊ लेप. बोटांमध्ये चोळला तर कण लागत नाहीत. एवढ्या किलोमीटरला हे नेहमीचं आहे. लोखंडाचे चमकते कण, तारेसारखे तुकडे किंवा पितळी कपच्या दिसल्या असत्या तर नवं तेल भरण्यात अर्थ नव्हता. पॅनच्या तळाला अस्तराचा बारीक काळा गाळ, पातळ थर. ठीक.

आता कन्व्हर्टर. नुसतं पॅनमधलं तेल काढलं तर निम्मं जुनं तेल कन्व्हर्टरमध्ये बसून राहतं. घंटाकृती कवचाच्या खाली रबरी बूच आहे, त्यातून कन्व्हर्टरचा ड्रेन प्लग दिसतो. तो नेमका खाली येईपर्यंत क्रँकच्या पुलीचा २७ मिमी बोल्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. किल्ली काढलेली, बॅटरी सुटलेली. एक जण पुली फिरवतो, दुसरा टॉर्च धरून भोकातून बघतो. हाही ५ मिमी ॲलन. तेल संथ धारेनं वीसेक मिनिटं येत राहिलं.

नंतरच्या अनेक ७२२.६ मध्ये हा प्लग दिलेलाच नाही. तिथे कूलरकडून परत येणारी नळी सोडून, इंजिन आयडलवर ठेवून, एकेक लिटर बाहेर काढत तेवढंच वरून घालायचं, धार स्वच्छ येईपर्यंत. काम होतं, पण तेल तीनेक लिटर जास्त लागतं आणि दोन माणसांचं लक्ष लागतं: इंजिन चालू असताना पंप कोरडा पडता कामा नये.

काढलेलं सगळं तेल झाकून रात्रभर ठेवलं.

१२ जानेवारी, सकाळ

थंड झाल्यावर मोजलं. पॅन आणि फिल्टरमधून ४.१ लिटर, कन्व्हर्टरमधून ३.५. एकूण ७.६. गरम तेल मोजून तेवढंच थंड तेल घातलं तर हिशेब चुकतो, म्हणून ही रात्रभराची वाट. सांडलेलं आणि फडक्यात गेलेलं धरून ७.७ म्हणायला हरकत नाही. ग्लायकॉल-किट: नाही. मोठीच चिंता मिटली.

कनेक्टरचा ॲडाप्टर. उष्णतेची पत्र्याची ढाल बाजूला केली, कनेक्टरची फिरती कडी डावीकडे वळवून तो बाहेर ओढला. आतमध्ये तेल साचलेलं. मधला ७ मिमीचा बोल्ट काढून ॲडाप्टर सरळ बाहेर घेतला. वाकडा ओढायचा नाही, आतली टोकं थेट कंडक्टर प्लेटच्या (सेन्सर आणि वीजजोडणी असलेल्या आतल्या प्लेटच्या) पिनांवर बसलेली असतात. जुन्या ओ-रिंगा बाहेरून सपाट झालेल्या, नखानं दाबल्या तर दबत नाहीत. नव्या रिंगांना गिअरबॉक्सचंच तेल चोपडलं, ॲडाप्टर दाबून बसवला, ७ मिमीचा बोल्ट फक्त अडीच न्यूटन-मीटर. म्हणजे दोन बोटांत धरलेल्या छोट्या पान्यानं. प्लास्टिकमध्ये बसणारा बोल्ट आहे, 'अजून जरा' करायला गेलं की ॲडाप्टरला चीर.

पॅन डिझेलनं धुऊन, वाळवून, चुंबक पुसून परत. व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याच्या) आसपास सुती फडकं वापरायचं नाही. एक धागासुद्धा सॉलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) जाळीत अडकतो. धागे न सोडणारे कागदी रुमाल वापरले. नवा फिल्टर वर दाबताना 'टक्' असा बसल्याचं हाताला कळतं. तो अर्धवट बसला तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो.

घट्टपणा: पॅनचे सहा बोल्ट ८ न्यूटन-मीटर, आडवे-उभे क्रमानं, दोन टप्प्यांत. पॅनचा ड्रेन प्लग २०. कन्व्हर्टरचा प्लग १०. चाकांच्या नटांसाठीचा मोठा टॉर्क रेंच इथे चालत नाही, ८ वर त्याला 'क्लिक' होण्याआधीच बोल्टाचे आटे जातात. छोटा, पाव इंची ड्राइव्हचा रेंच हवा. आटे ॲल्युमिनियमच्या कवचातले आहेत.

कन्व्हर्टरच्या खालचं रबरी बूच परत लावलं. हे विसरलं जातं, आणि मग पावसाचं पाणी कवचात जातं.

१२ जानेवारी, दुपार

गाडी चाकांवर उतरवली, सपाट जागा. लांब नरसाळं नळीत, त्यात बारीक जाळी. इंजिन बंद असताना ५ लिटर. नळी अरुंद आहे, पाव-पाव लिटर घालत थांबावं लागतं. मग बॅटरी जोडून इंजिन चालू केलं. कन्व्हर्टर काही सेकंदांत तेल ओढून घेतो, म्हणून उरलेल्यापैकी २ लिटर वेळ न घालवता घातले. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी-आर-एन-डी असा हळूहळू फिरवला, प्रत्येक जागी पाच सेकंद. पुन्हा पी. एकूण घातलं ७.० लिटर, आता पातळी.

पातळीबद्दल सविस्तर, कारण बिघडतं ते इथेच.

डिपस्टिकवर दोन पट्टे आहेत, एक २५ अंश सेल्सिअसचा, एक ८० चा. तेल तापलं की फुगतं. एका अंशाला साधारण हजारात सात-दशांश म्हणजे ०.०७ टक्के धरलं, तर २५ पासून ८० पर्यंतच्या ५५ अंशांत जवळपास ४ टक्के. साडेआठ लिटर तेलाचा हा फुगवटा पाव ते तृतीयांश लिटर होतो. म्हणजे तेवढ्याच तेलाची पातळी तापमानाप्रमाणे वेगळी दिसणार. तापमान माहीत नसताना घेतलेलं माप हे माप नव्हेच. ८० चा पट्टा अंतिम, २५ चा फक्त 'गाडी चालवण्याइतकं तेल आहे' एवढं सांगण्यापुरता.

तर स्कॅनर लावला. पंधरा मिनिटं आयडल झाल्यावर लिव्हर पी मध्ये, पडद्यावर तेल ८४ अंश. डिपस्टिक घातली: तेल ८० च्या किमान रेषेच्या बोटभर खाली. हिशेबानं ७.६ हवंय, घातलंय ७.०. सगळं जुळतंय, अर्धा-पाऊण लिटर घाला आणि मोकळे व्हा.

पण ते ८४ तेलाचं तापमान नाही.

या गिअरबॉक्समध्ये तेलाच्या तापमानाचा सेन्सर आणि 'पी/एन असेल तरच स्टार्टर फिरू द्या' सांगणारा स्विच, दोन्ही कंडक्टर प्लेटवर एकाच सर्किटमध्ये एकामागे एक जोडलेले आहेत. पी किंवा एन मध्ये स्विच उघडा असतो, सेन्सरचा सिग्नल कंट्रोल युनिटला मिळतच नाही. मग ते इंजिनच्या कूलंटचं तापमान उसनं घेऊन दाखवतं. इंजिन ८४ ला पोचलेलं असतं, गिअरबॉक्स मागेच असतो. लिव्हर डी मध्ये टाकला, ब्रेक दाबून धरला, चाकांना अडसर होतेच. दोन-तीन सेकंदांत आकडा उतरला: ५१.

५१ अंशाला ८० च्या पट्ट्यावर पातळी कमी दिसणारच. तेव्हा भरपाई केली असती तर खऱ्या ८० ला तेल कमाल रेषेच्या वर गेलं असतं. जास्त तेल म्हणजे फिरत्या भागांनी घुसळून झालेला फेस, फेसामुळे दाब कमी, गिअर घसरणं, गरमी, आणि ब्रीदरमधून (हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडलेलं तेल बघून 'सील गेलं' असा निदान-घोटाळा. जास्त आणि कमी तेलाची लक्षणं सारखीच दिसतात, हा यातला कहर.

सावधगिरीची अर्धी भर घातली, ३०० मिली, आणि गाडी अर्धा तास चालवून आणली. डी मध्ये वाचलं: ७९. इंजिन चालू ठेवून, लिव्हर पी मध्ये आणून, सपाट जागी लगेच डिपस्टिक. तीन वेळा घालून काढली, दर वेळी कोरड्या कागदानं पुसून. नळीच्या भिंतीला लागलेलं तेल पहिल्या मापात फसवतं. किमान रेषेच्या जरा वर. आणखी १५० मिली, दहा मिनिटं चालवून पुन्हा माप: दोन रेषांच्या बरोबर मध्ये, ८१ अंशाला.

एकूण घातलेलं ७.४५ लिटर. काढलेल्यापेक्षा जरा कमी, म्हणजे जुन्यात तेल थोडं जास्तच होतं. म्हणूनच 'जेवढं काढलं तेवढं भरा' हा नियम सुरुवातीला उपयोगी आणि शेवटी निरुपयोगी.

लाल खुंटी अजून लावली नाही. काम संपलंय असं वाटत नाही.

१८ जानेवारी

आठवडाभरात साडेतीनशे किमी. थरथर पूर्ण गेली. दुसऱ्यातून पहिल्यातला झटका निम्म्यावर. पण काल गरम गाडीत पुन्हा लिम्प मोड, पुन्हा एन३.

ॲडाप्टर आणि पिन स्वच्छ असताना कोड परत आला, तर संशय कंडक्टर प्लेटवर. पण संशयावर भाग बदलण्याची गरज नाही, चालत्या गाडीत सिद्ध करता येतं. एन२ पुढच्या ग्रहमालेच्या (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणाऱ्या दातेरी संचाच्या) सूर्यचक्राचा, म्हणजे मधल्या चाकाचा, वेग मोजतो, एन३ त्याच मालेच्या ग्रहवाहकाचा, म्हणजे छोटी चाकं धरणाऱ्या सांगाड्याचा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये क्लच के१ हे दोन्ही एकत्र बांधतो, म्हणून एन२ आणि एन३ चे आकडे तंतोतंत सारखे हवेत. पहिल्या आणि पाचव्यात ब्रेक बी१ सूर्यचक्र धरून ठेवतो, तेव्हा एन२ शून्य हवा. एवढं लक्षात ठेवलं तर गिअरबॉक्स न उघडता सेन्सर तपासता येतात.

शेजारी बसलेल्या माणसानं स्कॅनर धरून नोंद केली. ७० अंशाला: तिसऱ्यात दोन्ही २,०४०, चौथ्यात दोन्ही १,७१०. चढ चढवून तेल ९४ वर नेलं. तिसऱ्यात एन२ २,२१०, एन३ २,२१०, मग एन३ एकदम शून्य, परत २,१९०, परत शून्य. क्लच घसरत असता तर दोन आकड्यांत थोडा, टिकून राहणारा फरक दिसला असता. एक आकडा शून्यावर आपटून परत येणं हे इलेक्ट्रॉनिक्सचं लक्षण. गरम झाल्यावर सेन्सर मरतो, थंड झाला की जागा होतो.

प्लेट मागवली, ए १४० २७० ११ ६१. सोबत पॅनचं आणखी एक गॅस्केट, वॉशर, ५ लिटर तेल.

मागे वळून बघितलं तर ११ तारखेला पॅन उघडा असतानाच ही प्लेट बदलायला हवी होती का? कोड एन३ चाच होता. पण तेलानं माखलेला कनेक्टर तोच कोड देतो, आणि अशा वेळी नव्वद टक्के काम स्वस्त भागात होऊन जातं असं मानून चालणं चूक नाही. एन२-एन३ ची गरम चाचणी मात्र आधीच करायला हवी होती. ती फुकट आहे.

१ फेब्रुवारी

स्टँड, ढाल, ड्रेन, पॅन, सगळं मागच्यासारखं. कन्व्हर्टरला हात लावला नाही. चुंबकावर नवा लेप जवळपास नाही. फिल्टर तीन आठवड्यांचा, स्वच्छ झाकून ठेवला, तोच परत जाणार.

क्रम महत्त्वाचा. व्हॉल्व्ह बॉडीच्या बोल्टांना हात लावण्याआधी कनेक्टर आणि ॲडाप्टर बाहेर काढायचे. ॲडाप्टर कवचातून आत प्लेटमध्ये घुसलेला असतो. तो तसाच ठेवून व्हॉल्व्ह बॉडी खाली घेतली तर नवी-जुनी जी असेल ती प्लेट तडकते.

व्हॉल्व्ह बॉडी दहा टी-३० बोल्टांवर. आठ काढले, समोरासमोरचे दोन सैल ठेवून हाताचा आधार दिला, मग तेही काढले. जड आहे, आणि निथळताना आणखी अर्धा लिटर तेल ओतते. खाली रुंद ट्रे, डोळ्यांवर चष्मा.

टेबलावर ट्रेमध्ये, प्लेट वर येईल अशी ठेवली. सहा सॉलेनॉइड: तीन गिअर बदलणारे, दोन दाब सांभाळणारे, एक लॉक-अपचा. तीन एकसारखे दिसतात, दोन एकसारखे दिसतात. सारखे दिसले तरी ज्याचा तो परत त्याच भोकात जायला हवा, कारण कंट्रोल युनिटनं प्रत्येकाचा स्वभाव शिकून ठेवलेला असतो. फोटो काढला, मार्करनं १ ते ६ आकडे घातले. पत्र्याच्या पट्ट्यांचे स्क्रू काढले, सॉलेनॉइड सरळ ओढून घेतले, ओ-रिंगा भोकात राहिल्या नाहीत ना ते बघितलं. मग प्लेट उचलून निघाली.

इथे थांबायचं. व्हॉल्व्ह बॉडीचे दोन अर्धे एकमेकांना धरणारे स्क्रू वेगळे आहेत, ते या कामात सोडायचे नाहीत. आत स्प्रिंगा, गोळ्या आणि बारीक जाळ्या आहेत. एक गोळी घरंगळली तर ती कुठल्या खणातली, हे सांगणारं कुणी नसतं.

जुन्या प्लेटवर सेन्सरच्या टोकांना लोखंडी भुकटीचा पातळ लेप होता. तो पुसून एन३ बरा झाला असता का? भुकटीनं सिग्नल गढूळ होतो, पण तापल्यावर नेमका शून्य होत नाही. सॉलेनॉइडची टोकंही पुसून घेतली.

नवी प्लेट, सॉलेनॉइड आपापल्या जागी, पट्ट्यांचे स्क्रू ८ न्यूटन-मीटर. व्हॉल्व्ह बॉडी वर चढवताना एकच पेच: मॅन्युअल व्हॉल्व्हची खाच गिअर लिव्हरशी जोडलेल्या दट्ट्याच्या खुंटीवर बसली पाहिजे. ती बाजूला राहिली तरी व्हॉल्व्ह बॉडी वर जाते, बोल्टही लागतात, आणि मग गाडी भरून-बिरून चालू केल्यावर कळतं की कुठलाच गिअर लागत नाही. म्हणून दोन बोल्ट हातानं लावून, आत एका माणसाकडून लिव्हर पी पासून डी पर्यंत फिरवून घेतला, खालून व्हॉल्व्ह सरकताना डोळ्यांनी बघितला. मगच बाकीचे बोल्ट, मधून बाहेर अशा क्रमानं, ८ न्यूटन-मीटर.

ॲडाप्टर सगळ्यात शेवटी. रिंगांना तेल, सरळ दाबून.

२ फेब्रुवारी

काढलेलं तेल थंड मोजलं: ४.६ लिटर. तीन आठवडे वापरलेलं तेल गाळून परत घालायचा मोह आवरला. उघड्या ट्रेमधून गेलेलं आहे. नवं ४ लिटर इंजिन बंद असताना, अर्धा चालू असताना. चालवून, डी मध्ये ८० वाचून, पी मध्ये माप: किमान रेषेवर. १०० मिली आणखी. रेषांच्या मध्ये.

कंट्रोल युनिटनं शिकून ठेवलेली मूल्यं स्कॅनरनं पुसली. पहिल्या वेळी, नुसतं तेल बदललं तेव्हा, ती मुद्दाम पुसली नव्हती. जुनी जुळवाजुळव नव्या तेलावर आपोआप सरकते. आता सेन्सर नवा आहे, म्हणून पुसली. किल्ली 'ऑन' करून ॲक्सिलरेटर दाबून धरल्यानं हेच होतं असं सर्रास सांगतात. त्यानं मूल्यं पुसली गेल्याचं स्कॅनरवर दिसलं नाही, त्यामुळे त्यावर भरवसा नाही.

मग शिकवणी: तेल ६० च्या वर आणि १०५ च्या खाली असताना, हलका आणि स्थिर पाय, पहिला ते पाचवा सगळे गिअर, दहा-बारा वेळा. मध्ये पाय बदलला की ती फेरी मोजली जात नाही. सुरुवातीचे चार-पाच बदल ओबडधोबड होते, दोनाचा तीन होताना इंजिन क्षणभर चढायचं. आठव्या फेरीनंतर ते थांबलं.

एन२ आणि एन३: ९८ अंशापर्यंत तिन्ही गिअरमध्ये एकच आकडा.

१५ फेब्रुवारी

प्लेट बदलल्यापासून सव्वासहाशे किमी. लिम्प मोड नाही, कोड नाही. दुसऱ्यातून पहिल्यातला झटका लक्ष देऊन शोधला तरच सापडतो.

खालून पाहणी: पॅनची कड कोरडी, कन्व्हर्टरच्या बुचाखाली कोरडं, कनेक्टर काढून बघितला तर आत कोरडा. कंट्रोल युनिटच्या बाजूला दोन पिनांभोवती पुसट लाल डाग, तारांमधलं जुनं तेल अजून उतरतंय. क्लीनर मारला. मार्चअखेर पुन्हा बघायचं.

पातळी शेवटची, ८० अंशाला, डी मध्ये वाचून: रेषांच्या मध्ये, हलली नाही. नळीच्या झाकणात नवी लाल खुंटी दाबली. नळीला तार गुंडाळून पत्र्याची पट्टी: '२३६.१४, फेब्रुवारी, १,८५,००० किमी, पुढचं २,४५,०००'.